एस्तेरबाईंना येणारा वास

मी जन्मात गोमांस खाल्लेलं नाही, आणि आता या वयात खाणारही नाही. पण ते शिजतंय की नुसतंच उकळतंय, त्यात मीठ पडलंय की राहिलंय, गाजरं वेळेवर गेली की घाई झाली, हे मी पातेल्याजवळ न जाता दारातून सांगू शकते. पुण्यात हे कुणापाशी बोलायची सोय नाही. ऑकलंडला सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, हे तुमच्या भिशीत सांगू नका हं."

ही विद्या मला एस्तेरबाईंच्या घरी आली. त्या गेल्या. सुनेनेच, मुग्धाने, परवा फोनवर सांगितलं. झोपेत गेल्या म्हणे. फोन ठेवला, आणि मला काय करावं ते सुचेना. कुणाकडे जाऊन बसावं, तर इथे त्यांना ओळखणारं कोण आहे? म्हणून लिहायला बसले.

मी वर्षातला निम्मा काळ मुलाकडे, ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरात असते. घरं ही एवढाली, गॅरेजात दोन-दोन गाड्या, आणि सकाळी सगळी माणसं मोटरवेवर. दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणाचं कुत्रं भुंकलं तरी मला बरं वाटायचं. मुग्धाचं ऑफिस पेनरोजला. माझा चेहरा बघून तिने ठरवलं, की शुक्रवारी जाताना आईंना ओटाहुहुला सोडायचं आणि येताना उचलायचं. तिथे दुकानं आहेत, माणसं आहेत, बाकांवर बसलेल्या गप्पिष्ट बायका आहेत. भाषा कळली नाही तरी गप्पा कळतात.

तिथल्याच एका भाजीच्या दुकानात माझ्या पाठीमागून आवाज आला, "काय रे, इतका कसा वाळलास? आईने खायला घातलं नाही होय?"

मी गर्रकन वळले. एक ठेंगणी बाई हातात पार्सनिप धरून त्याला झापत होती. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा कंद असतो. बाईंचे पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, अंगात जाड स्वेटर, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"नाही, हा मराठी," पार्सनिप माझ्यापुढे नाचवत त्या म्हणाल्या. "माझं नुसतं ऐकून घेतोय बघ."

एस्तेरबाई मूळच्या नगरच्या. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेल्या, नर्स झालेल्या, आणि तरुणपणी नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला आलेल्या. सगळी नोकरी म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये झाली. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना पेशंट दिसायची. शेगडीवरचं पातेलं हा पेशंट. लिंबाचं झाड पेशंट. माझी सून एकदा दारात दोन मिनिटं उभी राहिली, तर ती गेल्यावर म्हणाल्या, "पेशंट झोपत नाही वाटतं नीट." आणि ते खरं होतं.

मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'सुमन' आणि 'तू' केलं. मी मात्र शेवटपर्यंत 'एस्तेरबाई' आणि 'तुम्ही'च म्हणत राहिले.

चहाला घरी बोलावलं तेव्हा दुकानाच्या बाहेर थांबून म्हणाल्या, "एक सांगून ठेवते हं. शुक्रवारी माझ्याकडे..." आणि आजूबाजूला बघून, आवाज अगदी खाली आणून, "मोठ्याचं असतं."

नगरकडे गोमांसाला असंच म्हणायची रीत, आणि तेही दबक्या आवाजात. समोर खाटकाच्या काचेत तेच मांस दिवे लावून मांडलेलं होतं. मी म्हटलं, "अहो, इथे कोण ऐकतंय?"

"कुणी नाही गं. पण तो शब्द मोठ्याने तोंडातून निघतच नाही."

"चहा तर चहाचाच असतो ना?"

"चहाचाच असतो."

"मग चला."

घर जुनं, लाकडी. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. एस्तेरबाई घरात नवऱ्याच्या जॅन्डल्स घालायच्या. जॅन्डल्स म्हणजे आपल्या स्लिपरा, पण या अशा होड्यांएवढ्या, की दोन्ही पाय एकीत मावतील. फटक्‌ फटक्‌ करत त्या ओट्यापासून फ्रिजपर्यंत जायच्या. नवरा, दानियल, तीन हिवाळ्यांपूर्वी वारलेला. पेनरोजला पत्र्याच्या कारखान्यात होता. मोठा बोलका आणि मोठा हट्टी, असं त्याचं वर्णन त्या करायच्या. रविवारी चर्चहून आला की सूट काढून थेट स्वयंपाकघरात, आणि मग एस्तेरबाईंना तिथे पाऊल टाकायला बंदी. रविवारचा स्ट्यू तो करायचा. मोठ्याचं मांस, गाजर, बटाटा, पार्सनिप, कांदा, सगळं मंद आचेवर दुपारभर. लहानपणी तो नगरला मिशनच्या बोर्डिंगात राहिला, आणि तिथल्या आचाऱ्याच्या हाताखाली हे शिकला. कसं करतो ते त्याने बायकोला कधी सांगितलं नाही, आणि बायकोने कधी विचारलं नाही. "आयतं मिळत होतं," त्या म्हणायच्या. "आयत्याची कृती कोण विचारतं?"

तो गेल्यानंतर एस्तेरबाईंना तो ताप आला, जो त्या काळात सगळ्या जगाला आला. त्या बऱ्या झाल्या, पण वास गेला. काहीच येईना. चहाचा नाही, साबणाचा नाही, जळालेल्या दुधाचा नाही. जिभेला नुसतं गरम आणि गार कळायचं. म्हणून ओट्यावर एक घंटी वाजवणारं घड्याळ असायचं आणि ते खणखणलं की त्या बर्नर बंद करायच्या.

हे सगळं मला चहा पिता पिता सांगितलं, एखाद्या दुसऱ्या बाईचा केसपेपर वाचावा तसं. आणि मग कपाच्या कडेवरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "एकच वास येतो."

"कसला?"

"दानियलच्या स्ट्यूचा."

मला वाटलं, शेगडीवर काहीतरी असेल. शेगडी रिकामी होती.

"आत्ता नाही," त्या म्हणाल्या. "त्याला वाटेल तेव्हा येतो."

 माझ्या दंडावर काटा आला तो त्यांनी पाहिला असावा, कारण लगेच ठसक्यात म्हणाल्या, "आणि हे बघ, आमच्यात भूतंखेतं मानत नाहीत. दानियल प्रभूपाशी आहे. सुखात आहे. अधूनमधून इकडे येतो, एवढंच."

पुढे मी तो येताना पाहिला. पाहिला म्हणजे काय, त्यांना येताना पाहिलं. कांदा चिरत चिरत आमचं काहीतरी साड्यांवरून चाललं होतं. त्या बोलता बोलता थांबल्या. सुरी हवेतच राहिली, डोळे मिटले, मान जरा तिरकी झाली. दारातून कुणी आल्यावर आपला होतो ना, तसा त्यांचा चेहरा झाला. "आला," एवढंच म्हणाल्या. मी जोरात श्वास घेतला. मला कांदा आला, दमट भिंत आली, दाराशी टांगलेल्या माझ्या ओल्या कोटाचा लोकरी वास आला. बाकी काही नाही. आणि तरी त्या स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

एकदा तर बसमध्ये आला. दवाखान्यात निघाल्या होत्या. मध्येच वास आला, तशा उठल्या आणि उतरल्या. वास पुढे, या मागे. चालत चालत कुठे पोचल्या, तर पेनरोजला, त्याच्या कारखान्याच्या फाटकापाशी. तिथे वास गेला. फाटक बंद. मग त्या तिथेच थांबल्या, शिफ्ट सुटेपर्यंत. शिफ्ट सुटली, माणसं बाहेर आली, त्यांनी प्रत्येकाकडे नीट बघितलं, आणि घरी आल्या.

"प्रत्येकाकडे कशाला बघितलंत?" मी विचारलं.

"एवढी थांबले होते, मग बघायला नको?"

डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं. नाकाच्या नसा दुखावल्या की असे खोटे वास येतात, हळूहळू येईनासे होतात. एस्तेरबाई स्वतः नर्स, त्यांना हे सगळं पटत होतं. आणि तेच त्यांना लागलं होतं. मला म्हणाल्या, "सुमन, आधी रोज यायचा. आता आठवड्यातून एखाद्या वेळी. तो पुरता जायच्या आत मला तो पातेल्यात पकडायचाय. एकदा कृती जमली की मग जाईना का. वाटेल तेव्हा करीन, घरभर दरवळेल. मला येवो न येवो, घरात तर असेल."

म्हणून दर शुक्रवारी स्ट्यू. पण जिला वास येत नाही, चव लागत नाही, तिने जमला की नाही ते कसं ओळखायचं? एकदा वैतागून म्हणाल्या, "तू खात नाहीस. मला कळत नाही. चांगली जोडी जमवलीय प्रभूने!"

मी म्हटलं, "आमच्याकडे नैवेद्य चाखत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे देवाला दाखवायचा स्वयंपाक. पुरण, आमटी, भाजी, काही जिभेला लावायचं नाही. मीठ बरोबर आहे की नाही ते नाकाने ओळखायचं. मीठ पडलं की उकळीचा वास खाली बसतो. सासूबाईंनी शिकवलंय. सणाला वीस माणसांचा स्वयंपाक मी असा केलाय, आणि कधी अळणी झाला नाही."

एस्तेरबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग फटक्‌ फटक्‌ करत आल्या, माझा दंड धरला आणि मला शेगडीपाशी नेऊन उभं केलं. "मग हा घे नैवेद्य. सांग."

पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावला, खोटं कशाला सांगू. पण पदर लावून वास कसा घेणार? म्हणून काढला. मग सवय झाली. मांस पिठात घोळवून तेलात परततात तेव्हाचा वास वेगळा, पाणी पडल्यावरचा वेगळा. मी दाराशी खुर्ची टाकून भाज्या सोलायची आणि तिथून सांगायची, "मीठ हवंय." "आच कमी करा, खाली धरतंय." त्या म्हणायच्या, "पेशंट कसा आहे, सिस्टर?" नात मला घरी गेल्यावर हुंगून म्हणायची, "आजी, यू स्मेल लाइक डिनर!"

पण मीठ-बीठ सोपं. दानियलचा वास कुठून आणायचा? तो मी कधी घेतलेला नव्हता. एस्तेरबाई सांगायच्या, मी अंदाज बांधायचा. "त्याच्यात काहीतरी गोडसर आहे." मी म्हटलं, कुमारा घाला, म्हणजे तिथलं रताळं. घातलं. पण दानियलचा वास आला, तरी त्या डोळे मिटून दोन्ही वासांची तुलना कशी करणार? त्यांना तर पातेल्यातला येतच नव्हता! मी वर्णन करायची, त्या मान हलवायच्या. "नाही. तसा जाड नाही." मग कांदा जास्त करपवून बघितला. गुळाचा खडा टाकून बघितला. "नाही गं." एकदा म्हणाल्या, "ओल्या लाकडाला ऊन लागल्यासारखा आहे. जुन्या पेटीत ठेवलेल्या कपड्यांसारखा." आता हे स्ट्यूत काय घातलं म्हणजे यावं?

उत्तर मला गॅरेजात सापडलं. मुलाकडे स्वयंपाकघरात मसाला भाजला की छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलतं, म्हणून माझी मसाल्याची शेगडी गॅरेजात. गोडा मसाला करायला घेतला होता. धणे झाले, तीळ झाले, आणि मग तेलाच्या थेंबावर दगडफूल टाकलं. दगडफूल तुम्हाला माहीत आहेच, ते काळपट, सुकलेल्या शेवाळासारखं दिसतं, आणि नुसतं हुंगलं तर मातीसारखं. पण तेलात पडलं, आणि गॅरेजभर झालं ते ओलं लाकूड आणि ऊन आणि जुनी पेटी. मी झारा हातात धरून उभी राहिले. बोर्डिंगातला तो आचारी! मडमेचा स्ट्यू करायचा तो, पण माणूस नगरचा. हळूच चिमूटभर टाकत असणार.

पुढच्या शुक्रवारी मी पुडी घेऊन गेले. एस्तेरबाईंनी ती हातात घेतली, उघडली, नाकाशी नेली, सवयीने. काही येणार नव्हतंच. "हे?" म्हणाल्या. "हे तर आमच्या घरी मसाल्यात असायचं." आणि खुर्चीवर बसल्या. "त्याच्या शर्टाच्या खिशात एकदा सापडलं होतं. मी म्हटलं, हा काय कचरा? तर हसला नुसता."

तेलात दगडफूल, त्यावर मांस, त्यावर कांदा. मी दाराशी बसले होते. वास उठला, घरभर फिरला, खिडकीतून मागच्या अंगणात गेला. एस्तेरबाई शेगडीपाशी ताठ उभ्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कसा आहे?"

"तुम्ही सांगितलात तसा," मी म्हटलं. पण माझ्या सांगण्याला काय अर्थ? मी ऐकीव वासाची साक्षीदार.

तेवढ्यात मागच्या कुंपणाकडून हाक आली. शेजारी सिओने राहतो, टोंगा बेटांवरचा, दाराएवढा उंच माणूस. दानियलबरोबर कारखान्यात होता. रविवारी कुंपणावरून रिकामा वाडगा पुढे करायचा आणि भरलेला परत न्यायचा, वर्षानुवर्षं. तो मागच्या दारात येऊन उभा राहिला. हातात वाडगा होता. इंग्रजीत एवढंच म्हणाला, "एस्तेर, डॅन आलाय?"

आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. तो एवढा मोठा माणूस दाराच्या चौकटीला डोकं टेकून रडायला लागला.

एस्तेरबाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, नर्ससारखा. वाडगा भरून दिला. तो खाता खाता मान हलवत राहिला. "डॅनचा," म्हणत राहिला. "हा डॅनचाच."

तो गेल्यावर त्यांनी बर्नर बंद केला. माझ्याकडे पाठ होती. म्हणाल्या, "तुला आला. सिओनेला आला, तोही कुंपणापलीकडे." मग पातेल्यावर झाकण ठेवत, "घरात सगळ्यांना आला. मलाच नाही आला."

मी उठून त्यांच्याजवळ गेले.  कृती जमली होती.

त्या दिवसानंतर दानियलचा वास यायचाच थांबला. दुसऱ्या शुक्रवारी नाही, तिसऱ्या नाही. डॉक्टर म्हणालेच होते की जाईल. पण एस्तेरबाईंना ते पटेना. मला म्हणाल्या, "तुमच्यात नैवेद्य दाखवला की देव काय करतो?"

"वास घेतो म्हणतात. तेवढ्यानेच जेवतो."

"आणि मग?"

"मग काय, मग आपण प्रसाद घेतो."

"तो, तो काय करतो?"

 माझी वाट न बघता त्याच म्हणाल्या, "जातो ना? जेवला की जातो. म्हणून गेला हा. इतके दिवस दाराशी घुटमळत होता, आणि आपण दोघींनी त्याला पोटभर जेवू घातलं." रागावल्या नव्हत्या. पेशंट कशाने गेला ते नातेवाइकांना सांगावं, तसं सांगत होत्या.

मग त्या थकत गेल्या. बोलायच्या, चेष्टा करायच्या, पण मध्येच थांबून वाट बघायच्या. मी समोर बसलेली असायची आणि त्या माझ्या पलीकडे बघत असायच्या. स्वयंपाकघर मला आधीपेक्षा जास्त भीतिदायक वाटायला लागलं. आधी तिथे कुणीतरी येत होतं. आता कुणी येत नव्हतं, आणि ते दोघींना सारखं जाणवायचं.

माझा परत यायचा दिवस ठरला. निघायच्या आधीच्या शुक्रवारी गेले तर शेगडीवर पातेलं होतं. आत शिरल्याबरोबर मला कळलं की काहीतरी बिघडलंय. पीठ कच्चं, मांस न परतताच टाकलेलं, पाणी भसाभस. बटाटे आधी पडलेले, गाजरं वरून तरंगतायत. दगडफुलाची पुडी खिडकीच्या फळीवर, बांधलेली.

"अहो एस्तेरबाई, हे काय केलंत? गुठळ्या झाल्यात सगळ्या! मांस नाही परतलंत?"

"नाही."

"का? बरं वाटत नाही का? सरका, मी आच तरी..."

"राहू दे," त्यांनी माझा हात धरला. "मुद्दाम केलंय. एकदा मी रविवारी त्याच्या आधी स्वयंपाकघरात शिरून असंच काहीतरी केलं होतं. बाहेर गाडी धूत होता. तिथून धावत आला, ओल्या हातांनी. वाईट स्वयंपाक त्याला सहनच होत नसे गं."

पातेलं खदखदत होतं. कच्च्या पिठाचा ओशट वास भिंतींवर बसत होता. त्या दिवशी मी निरोपापुरतीच आले होते; बाहेर थांबलेल्या मुग्धाने गाडीचा हॉर्न वाजवला. मी निघाले. दारात वळले तेव्हा त्यांनी विचारलं, "सुमन, तुला येतोय का त्याचा वास?"

मी दोनदा श्वास घेतला, अगदी मनापासून.

"नाही हो. काहीच नाही."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. "आता आला तर मलाच येईल." आणि त्यांनी डाव हातात घेतला, पातेल्याकडे न बघता, डोळे मिटून, ते बिघडलेलं सगळं सावकाश ढवळायला लागल्या.